थोरली माहेरी गेली की

उरवड्याच्या कारखान्यात शिरण्याआधी गेनूनाना रोज कुंपणापाशी थांबायचे. गवती चहाचं एक पातं तोडायचे, बोटांत चुरगाळायचे आणि डोळे मिटून हुंगायचे. मला वाटलं, काहीतरी देवदेवस्की असणार. विचारलं, तर म्हणाले, "नाक जाग्यावर हाय का, बघतुया. आतल्या वासाला नाक सरावलं, की मानूस आंधळा झाला म्हनायचं."

मी तेव्हा त्याच फाटकाबाहेर पत्रकं वाटत असे. आमच्या प्रदूषणविरोधी संघटनेची पत्रकं मीच लिहायची आणि 'धिक्कार' हा शब्द नसला तर मला ते पत्रक अळणी वाटायचं. कारखाना चिकटपट्ट्यांचा. पट्टीवरचा डिंक पातळ करायला थिनरसारखं द्रावक लागतं आणि डिंक सुकताना ते हवेत उडतं. ती हवा गाळायला आत दोन उंच टाक्या होत्या, दाणेदार कोळशाने भरलेल्या. नाना त्या चालवायचे. ज्या जमिनीवर टाक्या उभ्या होत्या ती त्यांच्याच भावकीची, म्हणून त्यांना नोकरी मिळालेली.

टाक्यांच्या धुराड्यातून दिवसातून तीनचार वेळा पांढरा लोट उठायचा. मी लिहिलं, "उरवडेकरांनो, हा पांढरा राक्षस तुमच्या लेकरांची फुप्फुसं खातोय!" आणि आम्ही धरणं धरलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजर हसतहसत बाहेर आला. "ताई, मागणी मान्य. उद्यापासून पांढरा धूर दिसणार नाही."

एवढ्या पटकन कुणी मागणी मान्य करतं का? पण तेव्हा तो प्रश्न पडला नाही. आम्ही पेढे वाटले. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या नानांच्या हातावर मी एक ठेवला. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला.

"त्यो धूर न्हवता, पोरी. पान्याची वाफ व्हती."

"कंपनीची माणसं असंच बोलणार!" मी फटकारलं.

"बरं. पेढा ठिव तुज्यापाशी. चार दिसांनी द्यावासा वाटला, तर दे."

चार दिवस कुठले, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वास सुटला. गोडसर, उग्र, डोक्यात चढणारा. अंगणवाडीच्या बाईंनी दारंखिडक्या लावून घेतल्या, तरी पोरं डोकं दुखतं म्हणून रडायला लागली. आकाश मात्र स्वच्छ. लोट नाही, राक्षस नाही. मी तडक नानांच्या घरी गेले.

"बस," ते म्हणाले. "त्या दोन टाक्या म्हंजी दोगी जावा. येक थोरली, येक धाकटी. थोरली दिसभर वास गिळतीया. प्वाट भरलं, की तिला माहेरी धाडायची, तवर धाकटीनं घर सांबाळायचं. माहेर म्हंजी गरम वाफ. वाफ आतनं फिरली, की थोरली गिळल्यालं समदं सोडतीया. त्ये गार करून पुन्यांदा वापरायचं. मंग वल्ल्या कोळशाला वारा घालून वाळवायचं. त्यो वारा वाफ घिऊन वर जातो, त्योच तुजा राक्षस."

"सासरी वास गिळायचा आणि माहेरी वाफेत शिजायचं?" मी उसळले. "नाना, ही उपमाच निषेधार्ह आहे!"

"काकूला इचार."

काकू चुलीपाशी होत्या. "उपमा बरुबर हाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "पन म्या माहेरी ग्येल्यावर ह्यास्नी साधी भाजी करता येत न्हाई, ह्ये बी लिव पत्रकात."

नाना हसले, मग गंभीर झाले. बॉयलरची नळी दोन महिने गळत होती आणि मॅनेजर दुरुस्ती टाळत होता. "तुमी त्येला सुटी लिवून दिली. आता बॉयलर बंद, म्हंजी माहेर बंद. दोगींची बी प्वाटं भरल्यात. वास गावात येनार न्हाई तर कुटं जाईल?"

संघटनेत एक जण म्हणाला, "वासाविरुद्ध लिही. आपली चूक कशाला उगाळायची?" खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. नानांना विचारलं.

"झाकलंस, तर सायेब तुजं पयलं पत्रक दावील. मंग काय करशील?"

रात्र त्यातच गेली. सकाळी लिहिलं, "पांढरी वाफ सुरू करा! आमचं आधीचं पत्रक चुकलं." त्यात धिक्कार एकदाच होता, लिहिणारीचा. थोरली-धाकटीची हकिगतही घातली. "नाना, तुमचं नाव गाळते, नाहीतर नोकरीवर गदा यायची," म्हटलं, तर म्हणाले, "गाळून काय व्हनार? थोरलीला थोरली म्हननारा हितं दुसरा कोन हाय?"

आम्ही पुन्हा फाटकाशी बसलो. या वेळी अंगणवाडीतल्या पोरांच्या आया पुढे होत्या. मॅनेजरने खरोखरच माझं जुनं पत्रक फडकावलं. "ताई, तुमचीच मागणी ना ही?"

"माझीच. चुकीची होती," मी नवं पत्रक त्याच्या हातात दिलं. "खाली सही आहे. तुमची चूक तुम्ही कधी लिहून देताय?"

आया हसल्या. मॅनेजर नाही हसला. पण आठवड्याच्या आत नळी बदलली, आणि एका सकाळी धुराड्यातून पांढरा लोट उठला. मला तो इतका सुंदर कधीच दिसला नव्हता. नाना कुंपणापाशी पातं चुरगाळत उभे होते.

"थोरली माहेरी ग्येली," ते म्हणाले. "पेढा कुटं हाय?"

नानांनी दोन्ही पत्रकं टाक्यांजवळच्या खोलीत भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवली, कारखान्याच्याच चिकटपट्टीने. काही वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मलाही बोलावलं होतं. तोवर मॅनेजर बदलला होता. नवा साहेब माझ्याकडे बघत भिडस्तपणे म्हणाला, "नाना, ते चुकीचं पत्रक आता काढू या का? पाहुणे येतात, ताईंनाही बरं वाटेल."

मी घाईने मान डोलावली. नाना खांद्यावरची शाल सावरत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"दोनी ऱ्हाऊ द्या, सायेब. पयलं काढलं, तर दुसरं खोटं वाटंल."

दोन्ही अजून तिथे आहेत. पहिल्याची शाई जरा लवकर उडते आहे, त्याला माझी हरकत नाही.