जांभळ्या रंगातला पांढरा धागा

नाशिकहून निघताना बायकोने विचारलं, "गाडी दाखवायला चाललात की माणसाला भेटायला? एकदा काय ते ठरवा."

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही म्हणजे गाडीच," असं म्हणून तिने डब्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि ती आत गेली. तीस वर्षांत असल्या बाबतीत ती चुकल्याचं मला आठवत नाही. मी गाडी सुरू केली.

आधी गाडीबद्दल सांगतो. साठीच्या दशकातली, दोन दारांची, अमेरिकी. शौकीन लोक अशा गाडीला मसल कार म्हणतात, म्हणजे साध्या घरगुती गाडीच्या पोटात ट्रकला शोभेल असं इंजिन. बऱ्हाणपूरजवळ जैनाबादला एका केळीवाल्याच्या शेडमध्ये ती मला सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. पुढची चार वर्षं मी दुसरं काही केलं नाही. छप्पर दोन बोटं खाली घेतलं, मागची चाकं रुंद केली, बंपर काढून टाकले आणि सगळ्या अंगावर पिकल्या जांभळाचा रंग चढवला. तेव्हापासून मी तिला गावोगावच्या प्रदर्शनांत मिरवत होतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं आहे. मोल असतं, आणि आमच्या बाबतीत ते गोकुळने भरलं.

गोकुळ हा बऱ्हाणपूरच्या शनवारा भागातला पेंटर. वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात होते, मूळ घर जळगावकडचं. केळीचे ट्रक रंगवण्यात त्याची हयात गेली. हात असा की पत्र्यावर पाणी सांडल्यासारखा रंग बसायचा. पण त्याच्या रंगखोलीच्या चारी बाजूंना यंत्रमाग होते, आणि तिथल्या हवेत दिवसभर रुई (कापसाचे बारीक तंतू) उडते. भिंतीत पंखा होता. तो आतली वाफ बाहेर फेकायचा, पण तेवढीच बाहेरची हवा फटींतून आत घ्यायचा, आणि हवेबरोबर रुई. गडद रंगावर रुईचा एक तंतू बसला तरी काम गेलं. म्हणून मी सांगितलं, "गोकुळ, पंखा बंद. फटींत ओली पोती कोंब."

त्या रंगात हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालतात. त्याची वाफ छातीला वाईट, हे मला चांगलं ठाऊक होतं. मास्क लाव, असं मी त्याला एकदा म्हणालोही. तो म्हणाला, मास्कमध्ये नीट दिसत नाही, आणि त्याने तोंडाला ओला गमछा बांधला. मी पुन्हा विषय काढला नाही. बारा दिवस, रंगाचे चौदा हात, तो बंद खोलीत आणि मी बाहेर.

एवढं करूनही एक धागा राहिलाच. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात परीक्षकाने बॅटरी लावून तो शोधला. डाव्या दाराच्या मुठीखाली, रंगाच्या आत अडकलेला, पापणीच्या अर्ध्या केसाएवढा. माझा पहिला नंबर गेला. मी मैदानातूनच गोकुळला फोन लावला आणि नको नको ते बोललो. "तुझ्या एका हलगर्जीपणाने माझी चार वर्षं मातीत घातलीस," हे त्यातल्या त्यात सभ्य वाक्य. तो एवढंच म्हणाला, "चुकलं, दादा."

निघण्याच्या महिनाभर आधी त्याच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. पापाची फुप्फुसं गेली आहेत, घरी ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर म्हणतात रंगाने झालं, आणि पापा सारखे तुमच्या गाडीबद्दल विचारतात. त्याच आठवड्यात बऱ्हाणपुरात जुन्या आणि सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. मला त्याच्यासमोर बसून एक वाक्य बोलायचं होतं: पंखा मी बंद करायला लावला, चूक माझी आहे. तो असेपर्यंत बोलायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला तिथला पहिला नंबरही हवा होता.

धुळं मागे पडलं, जळगाव गेलं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि भुसावळ ओलांडल्यावर केळीच केळी. रावेरच्या पुढे केळीच्या ट्रकांची रांग लागली आणि त्या रांगेत माझी राणी तापली. झाकणातून वाफ यायला लागली. मी गाडी बांधावर घेतली. तिथे ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसलेला एक शेतकरी न सांगता पाण्याची कळशी घेऊन आला.

"किती देते?" हा त्याचा पहिला प्रश्न. सगळ्यांचा हाच असतो.

"देते बऱ्यापैकी," मी थाप मारली.

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "रंग एकदम जबरदस्त आहे, भाऊ. कोणी मारला?"

"बऱ्हाणपूरचा गोकुळ पेंटर."

"अरे! माझ्या ट्रॉलीवर त्याचाच हात आहे." मग त्याचा चेहरा उतरला. "तो तर लय बीमार आहे ना? मागे दिसला तर चार पावलं चालून बसून राहिला होता. काय झालं त्याला?"

मी रेडिएटरचं झाकण लावत होतो. म्हटलं, छातीचं काहीतरी. त्याने हळहळून केळ्यांची एक फणी गाडीत ठेवली. पुढचे वीस किलोमीटर ती फणी माझ्या शेजारी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी शनवाऱ्याच्या दरवाज्याशी पोचलो. मागांची खडखड तशीच. कोपऱ्यावरून मावा जिलबी घेतली (ही खव्याची, जाड आणि काळपट असते, बघून तोंड फिरवणारा माणूस खाल्ल्यावर दुसरी मागतो). गोकुळला ती फार आवडते. वाटेत त्याची रंगखोली लागली. शटरला कुलूप होतं, आणि भिंतीतल्या पंख्याच्या भोकात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या.

गोकुळ खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. नाकात नळी, बाजूला घरघरणारं यंत्र. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. मला बघून उठायला गेला आणि खोकल्याने वाकला. पल्लवीने त्याची पाठ धरली. ती एका दवाखान्यात काउंटरवर बसते. त्या दिवशी सुट्टी काढून घरी थांबली होती.

"काका, पापाला जास्त बोलू नका देऊ," ती म्हणाली. "सांस चढते. मग रात्रभर लेटता नाही येत त्यांना."

"मी बोलतो, तो ऐकेल," मी म्हटलं. वाक्य ओठांवर होतं. पण गोकुळने विचारलं, "दादा, गाडी कुठे लावली? धूप मध्ये तर नाही ना?" आणि मी गाडीच्या गोष्टी सांगत सुटलो. कुठे कुठे नेली, कोण काय म्हणालं. तो डोळे मिटून ऐकत होता. जिलबीचा एक तुकडा त्याने खाल्ला, दुसरा हातातच राहिला. तासाभराने मी उठलो. अशा वेळी जीभ का अडते कोण जाणे. एरवी ती फोनवर चांगली चालते.

"उद्या येतो पाहायला," तो म्हणाला. पल्लवी नको म्हणत होती. त्याने ऐकलं नाही.

प्रदर्शन शहराबाहेरच्या मैदानात होतं. चार-पाच जुन्या जीपा, घासून चकचकीत केलेल्या स्कूटरी, निकेलचा मुलामा चढवलेला एक ट्रॅक्टर. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी माझी गाडी. लोक रंगात आपला चेहरा बघत होते, केस नीट करत होते. हातमोजे घातलेले परीक्षक आले, सगळीकडून फिरले आणि म्हणाले, "पेंट में एक भी कमी नहीं." त्यांनी मुठीखाली वाकून बघितलं नव्हतं. मीही दाखवलं नाही.

अकराच्या सुमाराला रिक्षातून गोकुळ उतरला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. पल्लवीच्या हातात छोटा सिलिंडर. गाडीपर्यंतच्या वाटेत तो तीनदा थांबला. मी खुर्ची आणली. त्याला बसायचं नव्हतं. त्याने गाडीला हात लावला नाही. नुसता बाजूने चालत, मान तिरपी करून, रंगावर पडलेलं आकाश बघत गेला. मग डाव्या दारापाशी गुडघ्यावर हात ठेवून वाकला. शोधावं लागलं नाही त्याला.

"हा पाहा," तो म्हणाला. "आहे अजून."

"जाऊ दे रे, गोकुळ."

"नाही दादा, बोलू द्या. दोन साल झाले, मनात ठेवून राहिलो." तो श्वासासाठी थांबला. "तुम्ही चहाला गेलते त्या दिवशी. नववा हात मारून राहिलो होतो. एकदम सांसच लागेना. डोळ्यासमोर अंधेरी आली. मी पंखा लावला. दहाच मिनिटं, दादा, जास्त नाही. तुम्ही यायच्या आधी बंद केला. त्यात ही रुई आली. तेव्हाच दिसली होती मला, पण पुढचा हात मारला तिच्यावर. तुम्हाला नाही सांगितलं. चोरी झाली माझ्याकडून. फोनवर बोलले तुम्ही, ते बरोबरच बोलले."

त्याने हात जोडले. नळीवाल्या त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले, आणि मी जमिनीत गेलो तर बरं असं मला झालं.

"गोकुळ, पंखा बंद करायला मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे," मी म्हटलं. शेवटी निघालं ते वाक्य.

त्याने ते ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबरच सांगितलं होतं ना, दादा. पंखा लावला तर रुई आलीच की."

मला हे कुणाला समजावून सांगता येणार नाही. मी माफी मागत होतो आणि तो माझ्या बाजूने निकाल देत होता. त्याच्या हिशेबात काम हे काम होतं आणि छाती नंतरची.

"मतलब तिथे पंखा होता?" पल्लवीने विचारलं.

ती इतका वेळ मागे उभी होती. मी तिला विसरलो होतो.

"होता," मी म्हटलं.

"चालू हालतमध्ये?"

"हो."

ती वडिलांकडे वळली. "पापा, डॉक्टर साहेबांनी तीन वेळा पूछलं तुम्हाला. तुम्ही बोलले, पंखा नव्हताच तिथे."

"बंद होता तर नव्हताच ना बेटा," गोकुळ म्हणाला. "दादाचं नाव कशाला घ्यायचं दवाखान्यात."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सिलिंडरचा पट्टा खांद्यावर घेतला, म्हणाली, "चला पापा, खूप झालं," आणि रिक्षाला हात केला. गोकुळ जाता जाता सांगत होता, "घरी आणा एक दिवस. बारीक कागदाने घासून तेवढी जागा मी साफ करून देतो. लोकांना दिसायला नको."

दुपारी पहिला नंबर मला मिळाला. मी माईकवर गोकुळचं नाव घेतलं, रंग त्याचा आहे म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळ तेव्हा घरी यंत्राला जोडलेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी त्यांच्या दारात गेलो. पल्लवी उंबऱ्यातच उभी राहिली. "आत्ताच डोळा लागला पापाचा," ती म्हणाली. "तुम्ही निघा, काका. लांब जायचं आहे तुम्हाला." मी बक्षिसाची ढाल हातात घेऊन आलो होतो, गोकुळला द्यायला. ती तिने घेतली नाही. मी परत गाडीत ठेवली. तापीच्या पुलावरून एकदा जैनाबादला जाऊन ती शेड बघायची असं घरून ठरवलं होतं. गेलो नाही. रावेरपाशी गाडी तापली नाही, कुणी थांबवलं नाही, संध्याकाळी घरी. बायकोने ढाल बघितली आणि रिकाम्या डब्याची पिशवी उचलून ती आत गेली.

गोकुळ गेल्याचं मला परतल्यावर बावीस दिवसांनी कळलं, पल्लवीच्या मेसेजवरून. दहावं होऊन गेलं होतं. मी काय लागेल ते सांग, असं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "त्या रुईचा फोटो पाठवा. गाडीचा नको."

आता इथल्या, नाशिकच्या गॅरेजमधला पेंटर म्हणतो, साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे, घासून काढतो. मी त्याला त्या दाराला हात लावू देत नाही. प्रदर्शनांची पत्रं येतात, मी जात नाही. बारा दिवसांत गोकुळला धड श्वास मिळाला तो दहा मिनिटं, आणि त्याचा पुरावा माझ्या दारात आहे. त्यासाठी मी त्याला शिव्या दिल्या होत्या.

फोटो मात्र जमेना. इतका तुकतुकीत रंग, की जवळ गेलं की त्यात माझंच तोंड येई. उजेड बदलला, बाजू बदलली, खाली बसून काढला. शेवटी त्यातल्या त्यात बरा निघाला तो पाठवला. त्यात धागा दिसतो. मीही दिसतो.