मेला, पण पटला नाही

कुमुदताई मारामारीचे सिनेमे मटार सोलत बघत. हंगाम नसेल तेव्हा मेथी निवडत, गवार मोडत. पण हात रिकामे ठेवून त्यांनी एकही गोळीबार पाहिला नाही. पडद्यावर कुणी घोड्यावरून कोसळलं की त्यांचे हात थांबत. कपाळावरचा चष्मा नाकावर येई आणि निकाल लागे, "मेला, पण पटला नाही." मग शेंग फुटे, दाणे पातेल्यात पडत आणि सिनेमा पुढे सरके.

कोथरूडला आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहत. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावरची डुलकीसुद्धा दचकावी. जिन्यात उभ्या राहून त्या दूधवाल्याला "उद्या नको" म्हणत, तेव्हा तीन मजल्यांवरच्या लोकांना उद्या दूध नको असल्याची माहिती मिळे. शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटकंही त्याच बसवत. भूमिका वाटण्याची त्यांची पद्धत शाळेत वादाचा विषय होती. "चेहरा बघून भूमिका द्यायची नाही. मधल्या सुट्टीत मुलगी डबा कसा उघडते ते बघायचं. भित्री असेल तिला राणी करायचं आणि दांडगीला दासी. दोघींचंही भलं होतं, नाटकाचं काय व्हायचं ते होवो."

रविवारी दुपारी त्यांच्याकडे सिनेमा असे. प्रेक्षक आम्ही तिघं. मी, कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेले फडके नावाचे इंजिनियर. आणि फडक्यांची सून ऋचा, जी आयटीत होती आणि जिच्या मोबाइलवरून सिनेमा कुमुदताईंच्या टीव्हीवर यायचा. सिनेमा निवडण्याचा हक्क मात्र ताईंचा. त्यांना एकच प्रकार चाले: ओसाड माळ, घोडे, बंदुका आणि घरदार गमावलेला कुणीतरी सूड घ्यायला निघालेला. ऋचा एकदा म्हणाली, "काकू, तुमच्या वयाच्या बायका कीर्तनं बघतात." ताई म्हणाल्या, "तिथे सगळ्यांना क्षमाच करतात. पुढे काय होणार ते आधीच कळतं."

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारचा सिनेमा विशेष रक्तबंबाळ होता. नायकाचं घर आणि घरातली माणसं जाळणाऱ्या टोळीला तो एकेक करून गाठत होता. शेवटचा माणूस, सगळ्यांचा म्होरक्या, एका लहानशा गावात कापडाचं दुकान चालवताना सापडला. बुटका, गोल चेहऱ्याचा, चष्मा लावलेला. नायक समोर उभा राहिला तर त्यानं ओळखलंही नाही. गजानं कापड मोजत विचारलं, काय हवंय? नायकानं गोळी झाडली. तो त्या कापडावरच पडला.

ताईंचे हात थांबले, चष्मा नाकावर आला. मग म्हणाल्या, "पटला."

हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. फडके उसळलेच. "अहो, काय पटला? हा खलनायक? सहकारी बँकेतला कॅशियर शोभेल! इतका वेळ आपण वाट बघायची आणि शेवटी हा? कास्टिंगच गंडलंय."

"म्हणूनच पटला," ताई म्हणाल्या. "तुमचा नायक मात्र पटला नाही."

"त्याचे डोळे बघा हो! निखारे आहेत नुसते!"

"मलाही हिरोच मिसकास्ट वाटला," ऋचा म्हणाली. "सारखा काय अँग्री लुक? मध्ये जेवतो तरी का हा माणूस?"

"बघा, हिला कळलं," ताई म्हणाल्या. "फडकेसाहेब, निखारे चुलीत असतात. सूड मनात असलेला माणूस सकाळी उठून दूध तापवतो, भाजी आणतो. शेजाऱ्याशी हसून बोलतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही हो, हे असले डोळे करायला त्याला वेळ कुठे असतो?"

फडके हसले. "आपण तर अशा सांगता, की जसं काही आपणच कुणाचा सूड घ्यायला निघाला होतात."

त्यांना ठाऊक नव्हतं. ताई उठल्या, "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मटाराचं पातेलं खुर्चीवरच राहिलं.

मला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद कॉलेजात असताना स्कूटरवरून घरी येत होता आणि वारज्याच्या पुलाजवळ एका ट्रकनं त्याला उडवलं. खटला चालला. ताईंनी साक्ष दिली. ड्रायव्हरला थोडी शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. सोसायटीतल्या जुन्या लोकांनी हा विषय कधी काढला नाही आणि त्यांनीही काढू दिला नाही.

फडके आणि ऋचा गेल्यावर ताईंनी मला थांबवलं. पातेलं पुन्हा मांडीवर घेतलं.

"ग्रंथपाल, मी गेले होते त्याच्याकडे."

"कुणाकडे?"

"मिलिंदच्या ड्रायव्हरकडे." त्या असंच म्हणाल्या. "सुटल्यावर त्यानं गाडी सोडली. वारज्यात मारुतीच्या देवळाला लागून पिठाची गिरणी टाकली. मी डब्यात ज्वारी घेतली, बस पकडली आणि गेले. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, संवादासारखं. आणि वार कोणता होता, सांगा? गुरुवार!"

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे शेंबडं पोरही सांगेल. सूड घ्यायला निघालेल्या बाईंना ते आठवलं नव्हतं. गिरणी बंद. त्यानं स्टूल पुसून दिलं, "बसा आई, येईल लाइट," म्हणाला. मग त्या त्याच्यासमोर बसून राहिल्या.

"कोर्टात तो कायम मान खाली घालून उभा. चेहरा मी गिरणीतच प्रथम नीट पाहिला. भुवयांवर पीठ, कानाला पेन्सिल. ग्रंथपाल, इतकी वर्षं मी मनात ज्याला उभा केला होता, तो हा नव्हताच. त्यानं ओळखलंही नाही मला. माठातलं पाणी दिलं. गार होतं. मी सगळं प्यायले. ते काही मला माफ करता येत नाही."

"त्याचं?"

"माझं." त्यांनी शेंग फोडली. "लाइट आली, पीठ घेऊन घरी आले. भाकऱ्या केल्या. खाल्ल्या."

दाणे पातेल्यात टाकून म्हणाल्या, "पुन्हा जायचंय. ह्या खेपेला नाव सांगायचं, मी कोण ते. पुढे तो काय म्हणेल ते म्हणो, पण एकदा ऐकायचंय. तुम्ही याल बरोबर?"

"येईन. कधी जायचं?"

"एवढा मटाराचा हंगाम संपू दे."

मटार संपला, उन्हं तापू लागली. मी एकदोनदा आठवण केली. "गुरुवार सोडून बघू," म्हणायच्या. होळीनंतर एका सकाळी त्यांच्या दारात दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. झोपेतच गेल्या होत्या. फडके स्मशानातून परत येताना मला म्हणाले, "अहो, मला कुणी सांगितलं का नाही?"

तेरावा झाल्यावर मी डब्यात ज्वारी घेतली आणि वारज्याला गेलो. वार आधी बघून घेतला होता. गिरणी चालू होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी डबा ठेवला आणि म्हणालो, "कोथरूडच्या कुमुदताई गेल्या. मिलिंदच्या आई."

त्यानं गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

"आल्या व्हत्या एकदा," तो म्हणाला. "गुरुवारी. लाइट नव्हती."

"तुम्ही ओळखलंत?"

"कोर्टात मी मान वर केलीच न्हाई, साहेब. पण आवाज ऐकला व्हता. हितं आल्या अन् म्हनल्या, ज्वारी जाडसर दळू नका. तिथंच वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पयला हक्क त्यांचा व्हता. त्या बोलतील, मग मी पाय धरीन, म्हनलं. त्या बोलल्या न्हाईत. पानी पिल्या. आता पुन्हा येतील म्हनून वाट बघत व्हतो. डबा घेऊन कुनी म्हातारी आली, की वर बघायचो."

टॉवेलाला त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"माझ्याबद्दल काय म्हनल्या का त्या?"

मी म्हणालो, "पाणी गार होतं, म्हणाल्या."

पुढचं, माफ करता येत नाही ते, मी सांगितलं नाही. त्यानं मान हलवली. मग वळून माठातून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. पेला हातात घेऊन मी त्याच्याकडे पाहत राहिलो. भुवयांवर पीठ होतं, कानाला पेन्सिल होती. त्या क्षणी मला वाटलं, शेजारी कुणाचे तरी हात शेंगेवर थांबावेत, कपाळावरचा चष्मा नाकावर यावा, आणि निकाल लागावा.