सांभाळून घेतलेले तास

विमानांच्या शर्यतीत उतरायचं तर आधी दुसऱ्या विमानाला खेटून उडता यायला हवं, असं ऑफिसात सांगितलं की लोक हसतात. शर्यत म्हणजे पुढे पळायचं, खेटायचं कशाला? मग मी समजावते. मैदानात उंच खांब रोवलेले असतात आणि सात-आठ विमानं त्यांना वळसे घालत अगदी जमिनीलगत पळतात. सुरुवातीला ती सगळी एका विमानाच्या बाजूने ओळीत येतात आणि ते सोडेल तेव्हा सुटतात. त्या ओळीत ज्याला आपली जागा धरता येत नाही, तो स्वतः मरतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. म्हणून अमेरिकेतली शर्यतीची शाळा प्रवेश देण्याआधी विचारते, फॉर्मेशनमध्ये, म्हणजे असं खेटून, किती तास उडलात? त्याखाली ज्याच्या मागे उडलात त्या लीडची सही लागते.

मला त्या शाळेत जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगायला लाज वाटते. मी फुजैराच्या बंदरात तेलाच्या जहाजांना धक्क्यावर जागा कधी द्यायची ते ठरवते आणि दिवसभर कॅप्टन लोकांशी भांडते. घर दुबईत, अल कुसैसला. नवरा तिथेच आयटीत, मुलगी बारावीत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी छोटं विमान उडवायचं लायसन्स काढलं आणि तेव्हापासून दर शनिवारी वाळवंटातल्या आमच्या क्लबवर जाते. बेचाळिसाव्या वर्षी शर्यतीचं खूळ डोक्यात शिरलं ते निघेना.

क्लबमध्ये फॉर्मेशन शिकवणारे एकच. पुण्याचे, एअर फोर्समधून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझी सालटी काढली. नियम साधा आहे. पुढच्या विमानाच्या पंखाच्या टोकावरचा दिवा त्याच्या नाकाशी जुळलेला दिसला पाहिजे, आणि तो तसाच दिसत राहावा म्हणून तुमचा थ्रॉटलवरचा, म्हणजे वेगाच्या दांड्यावरचा, हात एक क्षणही थांबता कामा नये. माझा दिवा कधी वर जायचा, कधी मागे पडायचा. खाली उतरल्यावर सर म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही मला दोनदा मारणार होतात." घरी येऊन मी बॅग आपटली आणि रागाने रडले. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मला आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या शनिवारी जादू झाली. दिवा नाकाशी जाऊन बसला तो हलेचना. वळणातसुद्धा नाही. सर मॅडमऐवजी वहिनी म्हणायला लागले. मला वाटलं, पुणेकर जरा उशिराच मोकळे होतात. त्यानंतरचे सात महिने मी किती सुखात होते हे आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकले तरी मी गाणी म्हणत घरी यायची. आपल्याला एखादी गोष्ट येते, खरोखर येते, हे चाळिशी उलटल्यावर कळण्यासारखं दुसरं सुख नाही.

मग अर्ज भरला. सरांनी तासांवर सही केली आणि म्हणाले, "वहिनी, यू आर रेडी. यल्ला, जाऊन या." शाळेचं उत्तर आलं, जागा मिळाली. नातेवाइकांना पाठवायला एक व्हिडिओ कर म्हणून मी मुलीला सांगितलं. माझ्या खांद्यामागे लावलेल्या कॅमेऱ्यात सगळी उड्डाणं होतीच. ती मी कधी नीट बघितली नव्हती, कारण मला त्यात फक्त तो जागेवर बसलेला दिवा दिसायचा.

तासाभराने मुलीने हाक मारली. "आई, कम हिअर. समथिंग इज वीअर्ड." तिने लॅपटॉपच्या पडद्यावर क्षितिजाच्या रेषेला पट्टी लावून धरली होती. "सी, यू आर नॉट डुइंग एनिथिंग. ही इज द वन मूव्हिंग."

मी बघितलं. माझं क्षितिज पट्टीला धरून सरळ होतं. माझा हात थ्रॉटलवर स्वस्थ पडला होता. आणि समोर सरांचं विमान जरा मागे सरकत होतं, जरा वर येत होतं, जरा माझ्याकडे झुकत होतं. मी मागे पडले की ते वेग कमी करत होते. मी जवळ गेले की हळूच बाजूला होत होते. सात महिने मी त्यांच्या मागे उडत नव्हते. ते माझ्याभोवती उडत होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी क्लबवर जाऊन मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलं, चष्मा काढून पुसला. खोटं बोलले नाहीत, एवढं मान्य करते.

"वहिनी, लीडने थोडं ॲडजस्ट करायचंच असतं."

"हे थोडं आहे, सर?"

"तुमचा कॉन्फिडन्स गेला असता. आणि तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता ना. पहिल्या फ्लाइटनंतर लगेच. म्हणाले, सर, ती आज रडली हो, जरा सांभाळून घ्या. आता कुणी इतकं मायेने सांगितल्यावर..."

सांभाळून घ्या. मुलगी सासरी पाठवताना, मुलगा हॉस्टेलवर सोडताना, भाच्याला नोकरीला चिकटवताना आपल्याकडे हेच म्हणतात. माझ्या लग्नात वडिलांनी सासऱ्यांपुढे हात जोडून हेच म्हटलं होतं, आणि ते जोडलेले हात धरून खाली ओढावेत असं मला तेव्हाही वाटलं होतं. म्हणणाऱ्याला वाटतं आपण माया केली. ऐकणाऱ्याला वाटतं आपण मोठं मन दाखवलं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला कुणी विचारतच नाही.

"तुमच्या सहीवर विसंबून ते मला सात विमानांच्या मध्ये उभं करणार होते," मी म्हटलं. "तिथे काय झालं असतं?"

"तिथेही शिकवतातच की. इन्शाल्ला जमलं असतं."

"आत्ता उडू या. मी कोण आहे ते विसरून उडा."

ते उडाले, अगदी माझी ओळख नसल्यासारखे. पहिल्या वळणात मी मागे पडले, दुसऱ्यात वेग जास्त झाला आणि मी त्यांच्या विमानाच्या पोटाखालून पुढे गेले. वर फक्त पांढरं आकाश होतं. "लीड, तुम्ही दिसत नाही," असं रेडिओवर सांगून मी बाजूला वळले, कारण एवढं तरी मला खरंच येत होतं. उतरल्यावर मी विमानातून पाय बाहेर काढला. सर मदतीला हात पुढे करत होते. मी तो धरला नाही.

घरी नवरा भेंडी चिरत होता. मी विचारलं, तू सरांना फोन केला होतास?

"हो. मग? तू त्या दिवशी किती रडलीस. सांभाळून घ्या, असं सगळेच म्हणतात गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं." त्याने सुरी खाली ठेवली. "प्रत्येक शनिवारी धडधाकट घरी आलीस ना? मला तेवढंच हवं होतं."

"आणि शर्यतीत माझ्या शेजारच्या विमानातला माणूस मेला असता, तर त्याच्या बायकोला काय सांगणार होतास? की मी सगळ्यांना फोन करून ठेवला होता?"

तो वाईट माणूस नाही, हेच तर माझ्या संतापाचं कारण आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. त्याने प्रेमाने माझे सात महिने माझ्याकडून काढून घेतले, आणि वर मीच त्याच्यावर ओरडले म्हणून घरात दोन दिवस तोच दुखावल्यासारखा वावरला.

मी शाळेला लिहिलं की माझे तास धरू नका, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी दिली. आता मी दुसऱ्या एका क्लबमध्ये पहिल्यापासून शिकते. तिथली लीड एक बाई आहे; ती माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही आणि तिच्या मागे माझा दिवा कुठेही असतो. उतरल्यावर ती माझ्या चुका वाचून दाखवते, मी लिहून घेते. संध्याकाळपर्यंत उजवा हात दुखत असतो.

ती बाई कोण, कुठली, तिचा नंबर काय, असं नवरा अधूनमधून विचारतो. सहजच, म्हणतो. अठरा वर्षांच्या संसारात मी त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. हा नंबर मात्र मी त्याला दिलेला नाही.