मामांचा मशीनशी सौदा

अमरावतीला समुद्र नाही. तरी डोळ्यांच्या दवाखान्यासमोरच्या मॉलमध्ये कोणीतरी तो आणून ठेवला आहे. भिंतीवर निळ्या लाटा, कोपऱ्यात प्लास्टिकचे दोन माड, दारावर जहाजाचं चाक, आणि आत पैसे टाकून खेळायची मशीनं. बाहेर ऊन होतं आणि आत एसी, म्हणून मी मामांना तिथे नेलं. त्यांच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब टाकले होते. तासाभरानं परत बोलावलं होतं.

मामा चांदूर बाजारकडचे, संत्र्याच्या बागा घेणारे. झाडावरची फळं नजरेनं जोखायची, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभ्यानं सौदा करायचा आणि तोडणीची वाट पाहायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या नजरेला पंचक्रोशीत मान होता. गेल्या हंगामात मात्र त्यांनी एका बागेत पिवळी पानंही फळांत धरली, असं लोक म्हणत. मामा म्हणत, बागच खोटी निघाली. मामीनं मला फोनवर एवढंच बजावलं होतं, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतल्याबिगर तुया मामाले घरी आणू नोको."

एका काचेच्या पेटीत नाण्यांचा जाड थर पसरला होता आणि मागून एक फळी त्याला सारखी ढोसत होती. वरून आपलं नाणं टाकायचं. काठावरून खालच्या खणात पडेल ते आपलं. मामा दोन पावलं मागे सरले, बागेसमोर सरतात तसे.

"पडाले आला हा ढीग."

"मामा, थेंबांमुळे तुम्हाला आत्ता काही नीट दिसत नसेल."

"बाग का कोणी जवळून पायते? ढीग पडला तं मायी नजर शाबूत. मंग ऑपरेशन नाही. तुया मामीले तूच सांगजो."

"आणि नाही पडला तर?"

"तं तारीख घेऊ."

मी कबूल झालो. कुठल्याही मशीनवर माझा एवढा विश्वास यापूर्वी कधी नव्हता.

काउंटरवरून वीस नाणी आणली. मामा फळीची चाल पाहून एकेक सोडू लागले. बाराव्याला मी म्हणालो, "जरा डावीकडे टाका." आपण कोणाच्या बाजूनं आहोत हे तेव्हा माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

विसाव्या नाण्याला ढीग कोसळला. मोठा आवाज झाला. मामांनी खणात हात घातला. तीन नाणी.

"बाकीचा माल कुठी गेला?"

देखरेखीला उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, दोन्ही बाजूंना फटी आहेत. तिथून पडलं ते मशीनचं."

"ढीग तं पडला," मामा माझ्याकडे वळून म्हणाले.

मला मामी आठवली. मी विचारलं, "मामा, सौदा झाल्यावर फळ गळलं तर नुकसान कोणाचं?"

मामांनी हातातली तीन नाणी पुन्हा एकदा मोजली. गारपिटीच्या वर्षीही त्यांनी हा नियम मोडला नव्हता.

"घेणाऱ्याचं," ते म्हणाले. "फटी मले दिसल्या नाही. चाल."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं. मामांनी एकच प्रश्न विचारला, "नवीन भिंग टाकल्यावर बाजूच्या फटी दिसतीन काय?"

कसल्या फटी, हे न विचारता डॉक्टर हो म्हणाले. मामांनी सगळ्यात जवळची तारीख घेतली. ती तीन नाणी त्यांनी काउंटरवर परत केली नव्हती.