रुमालाखालचा राक्षस

मला माझ्या सख्ख्या मामानं फसवलं. सौदा एका रबरी राक्षसाचा होता, म्हणून लोक ऐकून हसतात. हसू द्या. पुढं मी अहमदपुरात स्वतःच्या हिमतीवर खेळण्यांचं दुकान उभं केलं, हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्यांना भर थंडीत घाम फोडला, पण तसा सौदा माझ्याशी पुन्हा कुणी केला नाही. कुणाची छाती झाली नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहिलेलं, आणि खालची जुनी अक्षरं उन्हानं रंग उडून परत डोकावणारी. पाऊस बुडालेला. विहिरींच्या तळाला जे उरलं होतं ते पिऊन माणसं हगवणीनं आडवी पडत होती. मी दहा-अकरा वर्षांची होते. एसटी स्टँडसमोर एक जण चित्रकथांची पुस्तकं भाड्यानं द्यायचा. त्यांतले राक्षस रबराचेही मिळतात, हे मला मामामुळं कळलं. मामा देगलूरकडच्या खेड्यात बैलांची दलाली करायचा. हैदराबादला गेला की माझ्यासाठी एखादा राक्षस आणायचा. वीतभर उंच, आखाती देशातून कुणाच्या तरी पेटीतून आलेले. एकडोळ्या, वटवाघळाच्या पंखांचा, सरड्याच्या तोंडाचा. असे आठ जमले. गल्लीतल्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा मी भिंतीतल्या देवळीत राक्षसांची रांग लावायचे. आई रोज सकाळी लिंगपूजा करून कपाळाला भस्म लावायची आणि त्या देवळीकडं पाठ करून बसायची.

फक्त चार हातांचा माझ्याकडं नव्हता. सगळ्यांत भारी तोच होता. त्याच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मामाला ते पक्कं ठाऊक होतं.

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा कळवतात, बाजूच्याला पत्ता लागत नाही. मामानं तीच रीत आमच्या खेळाला लावली होती. राक्षस रुमालाखाली असायचा. बघायचा नाही, हातानं ओळखायचा. मूठ मिटली की सौदा पक्का, मागून तक्रार चालायची नाही.

त्या दुपारी मामा ओसरीवर येऊन बसला आणि त्यानं मांडीवर रुमाल पसरला.

"चार हातवाला आणलाय. काय देतीस माय?"

"आधी बघू द्या."

"बघून कोन घेतंय? घाल हात."

"एकडोळ्या देते."

"एका डोळ्यात काय व्हतंय? सरडा दे, पंखवाला बी दे."

"तीन? लुटायला बसलाव का?"

"मग ऱ्हाऊ दे. गिऱ्हाईक लई हायेत."

मी रुमालाखाली हात घातला. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि ते रबर गार होतं. रांजणाच्या बुडाशी हात लागावा तसं गार. मी हात मोजले. चार. एका मनगटाला दोरा गुंडाळलेला लागला. दुसऱ्या हाताची बोटं कुरतडलेली लागली. तिथंच मी विचारायला पाहिजे होतं. मी मूठ मिटली.

माझे तिन्ही राक्षस मामानं देगलूरच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या नातवाला नेऊन दिले आणि त्या घरचा बैलजोडीचा सौदा आपल्याकडं ओढला, हे मला नंतर कळलं.

चार हातांच्याला मी रांगेत मधोमध उभं केलं. त्याला कापराचा वास होता. कुरतडलेल्या बोटांवर दातांच्या खुणा होत्या. मी माझे दात त्या खुणांवर ठेवून पाहिले. बसले नाहीत. ते दात माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होते. दुपारी घरात कुणी नसलं की देवळीतून बारीक आवाज यायचा, कुणीतरी रबर चघळत असल्यासारखा. दुष्काळात उंदीर घरात शिरतातच, अशी मी मनाची समजूत घालायचे. जवळ गेलं की आवाज थांबायचा. उंदीर कधी दिसला नाही. बोटांवरच्या खुणा मात्र मला रोज ओल्या लागायच्या.

आठव्या दिवशी मला हगवण लागली. आई पाणी पाजायला वाकली, तेव्हा चार हातांचा माझ्या उशाशी होता. आईनं त्याच्या मनगटावरच्या हिरव्या दोऱ्याच्या गाठी मोजल्या. सात.

"हे कुठून आलं?"

"मामानं दिलं."

आईनं पदरानं धरून तो उशापासून लांब ठेवला. तिच्या माहेरी आजारी लेकराच्या मनगटाला सात गाठींचा दोरा बांधत. मग तो सोडून लेकराच्या आवडत्या खेळण्याला गुंडाळत, आणि ते खेळणं मरीआईच्या गाड्यावर ठेवत. छोटासा लाकडी गाडा, त्यावर लिंबू, बांगड्या, दहीभात. लोक तो ओढत शिवेपार नेऊन सोडत आणि मागं न बघता परत येत. पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ढकलत असे. त्यावरच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. लावला, तर गेलेलं दुखणं वाटेतून माघारी फिरतं.

आईनं मामाला बोलावून घेतलं.

"दादा, गाड्यावरचं काढून माझ्या लेकीला दिलंस?"

"कोन म्हन्तंय? दोरा खेळन्याचाच हाय."

"माझ्या गळ्याची आन घे."

मामानं आण घेतली नाही. "मूठ तिनं मिटली," एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मी बरी झाले. आमच्या गल्लीनं गाडा काढला तेव्हा आईनं चार हातांच्यासकट माझे उरलेले सगळे राक्षस त्यावर ठेवले, कारण ते त्याच्या शेजारी उभे राहिले होते. मी दारातून पाहत होते. बाया पदर पसरून माझ्या राक्षसांच्या पाया पडत होत्या. गाडा हलला आणि ते सगळे एकदम माना डोलवायला लागले.

तसले राक्षस मी पुढं नांदेडच्या भंगारवाल्यांकडून एकेक करून गोळा केले. चार हातांचा दोनदा समोर आला. दोन्ही वेळा मी हात मागं घेतला.

मामा आता लातूरला मुलाकडं असतो, थकलाय. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले आणि पुन्हा तेच विचारलं, चार हातांचा कुठून आणला होता. आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, गाडा लई गावं फिरून आला हुता, कुनाचं काय कुनाला ठावं. मी सोडलं नाही, आवाज चढवला. तेव्हा वैतागून बोलून गेला, "ती पोरगी बी तुझ्यासारखीच हट्टी. सोडंना."

मामानं भिंतीकडं तोंड केलं, ते मी निघेपर्यंत वळवलं नाही.

गाड्यावरची वस्तू कुणी धरून बसत नाही, मामा. धरून बसतं ते लेकरू. तुमची सून तुम्हाला हे लिहिलेलं वाचून दाखवील, तेव्हा झोपेचं सोंग घेऊ नका. ती पोरगी कोण होती? तिच्या हातातून तुम्ही तो ओढून घेतला, तेव्हा तो गाड्यावर जायचा बाकी होता ना? मग तिचं दुखणं शिवेपार कशावर बसून गेलं? की गेलंच नाही? ती जगली का? मला माझे राक्षस नकोत. एवढं सांगा. नाव घेऊन सांगा.