हीटरपुढची जागा

हॅलिफॅक्समधल्या त्या चढाच्या गल्लीत क्लिफर्ड हॉल्डस्वर्थला स्वतःच्या घरात बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत गॅस हीटरकडे पाठ करायची, पाय फाकवायचे, हात मागे बांधायचे आणि बूड शेकत जगाचे दोष काढायचे, हा त्याचा संसार. बस डेपोत इन्स्पेक्टर असताना ऐकून घ्यायला पन्नास माणसं होती. निवृत्तीनंतर एकटी बायको, एनिड, उरली, आणि पन्नास जणांचं सगळं तिच्या वाट्याला आलं.

हीटर जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसवलेला होता आणि त्याची कळ फिरवायचा हक्क फक्त क्लिफर्डला होता. कितीही बर्फ पडो, हीटरची एकच पट्टी पेटायची. तिची ऊब त्याच्या पँटच्या पलीकडे कधी गेली नाही.

"छान ऊब आलीय, नाही?" तो म्हणायचा.

"तुला आली असेल," सोफ्यावर शाल गुंडाळून बसलेली एनिड म्हणायची. "इकडे यायला तिला वाट कुठे ठेवलीयस?"

मग एका पानगळीत तपासणीला आलेल्या गॅसवाल्याने हीटरपुढे धुराची काडी धरली. धूर धुराड्यात न जाता खोलीत परतला, म्हणजे हीटरचा विषारी वायूही खोलीतच येत होता. त्याने तिथेच गॅस तोडला, नळीला टोपण बसवलं आणि हीटर उचलून बाहेर ठेवला.

"तीस वर्षं वापरतोय," क्लिफर्ड म्हणाला. "मेलोय का?"

"तुमच्या खिडक्यांच्या फटींचे आभार माना, काका," गॅसवाला म्हणाला आणि निघून गेला.

एनिडने वेळ दवडला नाही. महिन्याभरात घरभर भिंतींना गरम पाण्याचे रेडिएटर बसले आणि तापमानाची कळ स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे तिच्या हाताशी, आली. खोलीला प्रथमच सगळीकडून ऊब मिळाली आणि क्लिफर्डच्या उभं राहण्याला काही अर्थच उरला नाही. हे त्याला समजत होतं, म्हणून तर फायरप्लेस बुजवायचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं. घरात आपलं काहीतरी चालतं हे दिसायला हवं होतं.

"भिंतीत छोटी जाळी ठेव," एनिड म्हणाली. "म्युरिएलने ठेवलीय. ती म्हणते, धुराड्यात हवा खेळली नाही तर ओल धरते."

म्युरिएल ही तिची बहीण, म्हणजे तिचं ऐकणं शक्यच नव्हतं.

"ऊब विकत घ्यायची आणि धुराड्यातून कावळ्यांना वाटायची? कावळे काय माझे सोयरे आहेत? तिच्या भिंतीला पत्रपेटी लावल्यासारखं दिसतं. माझ्या घरात जाळी नाही."

विटा रचल्या, गिलावा केला, वर मलईच्या रंगाचा कागद चिकटवला. काम वाईट नव्हतं, पण त्याचा डांगोरा त्याने असा पिटला की बोलिंग क्लबात लोक त्याला पाहून टेबल बदलू लागले. जाळी ठेवणारे मूर्ख, हे त्याने तिथे उघड सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे तर हीटर भंगारात गेला होता आणि पीळ दुप्पट झाला होता.

नाताळानंतर भिंतीवर बशीएवढा तपकिरी डाग उमटला. त्याला जुन्या काजळीचा वास होता. क्लिफर्डने रंग मारला, तो पिऊन डाग परातीएवढा झाला. एनिडने तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. तिचं ते चष्मा पुसणं त्याला डागापेक्षा जास्त झोंबलं.

रविवारी क्लबातला आर्नॉल्ड सटक्लिफ बायकोला, हेझलला, घेऊन चहाला आला. दार वाजताच क्लिफर्ड भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"बस की," आर्नॉल्ड म्हणाला.

"उभाच बरा आहे."

एनिडने चहा ओतला, आल्याचा केक कापला. आर्नॉल्डने दुसरा तुकडा घेतला. "आमचीही फायरप्लेस उद्या बुजवतोय. तुझ्यासारखीच, जाळीबिळी नाही. टिकलीय ना रे नीट?"

एनिडचा हात किटलीवर थांबला. क्लिफर्डला खरं सांगायची संधी होती. पाठीला ओलाव्याचा गारवाही लागत होता.

"दगडासारखी," तो म्हणाला.

"क्लिफ, बाजूला हो," एनिड म्हणाली.

"चहा दे तू."

"तीस वर्षं तू तिथे उभा राहिलास आणि मी इथे कुडकुडले," एनिड म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हेझलने कप खाली ठेवला. "मला राग यायचा, तो मी गिळला. माझी चूक झाली. आता तुझ्या तोऱ्यापायी हेझलची भिंत नासलेली मी बघणार नाही. हो बाजूला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. शेवटी तो एक पाऊल सरकला. डाग सगळ्यांना दिसला, आणि त्याच्या स्वेटरच्या पाठीवर उतरलेला डागाचा अर्धा भागही दिसला. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"हे असं आहे होय," आर्नॉल्ड म्हणाला. "मग जाळी केवढी ठेवायची?"

क्लिफर्डने घसा खाकरला. पण आर्नॉल्ड एनिडकडे बघत होता.