क्लोरीन आणि बाबांची दुपार

डोळे तपासायला बाबांना लाटंबार्सेहून पणजीला आणले होते. डॉक्टरांनी थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि बाहेरचे ऊन त्यांना सोसेना. मी म्हटले, "माझ्या प्रयोगशाळेत बसा. तिथे अंधारच असतो."

बाबा खाणीवर पंप चालवायचे. खाण बंद पडल्यावर काजूच्या बागेत रमले. मी बी.एड. करून साखळीच्या शाळेत लागावे, ही त्यांची इच्छा होती. मी संशोधनाला लागले ते त्यांना आवडले नाही. रागावले नाहीत, पण कामाबद्दल कधी विचारलेही नाही.

लेझर चालू असताना बाहेरच्या माणसाने आत थांबायचे नसते. म्हणून त्यांना शेजारच्या खोलीत, खिडकीतून उजेड येऊ नये म्हणून जनेल बंद करून, खुर्ची दिली. मधले दार लावले तरी बोलणे ऐकू जायचे.

माझे काम बरेच दिवस अडले होते. क्लोरीनचे मूलक, म्हणजे एकटा पडलेला, दिसेल त्याला धरू पाहणारा क्लोरीनचा अणू. पाण्यात तो किती वेगाने कशाला धरतो, ते मला मोजायचे होते. पण काही न मिसळलेल्या पाण्यातही तो लवकर संपायचा. पाण्यातच काहीतरी होते. काचेची भांडी पुन्हा पुन्हा धुतली, पाण्यात घालायचे मीठ बदलले, शेवटी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी बदलून घेतली. त्या दुपारी पहिल्यांदाच नवे पाणी घेतले होते.

लेझर टिकटिकला. पडद्यावरची रेघ खाली पडली आणि सावकाश, अगदी सावकाश वर आली. या वेळी क्लोरीन टिकला होता.

"आला!" मी ओरडले.

पलीकडून बाबा म्हणाले, "कोण आयलो गो?"

मी लेझर बंद करून त्यांच्याजवळ गेले. सांगितले, की पाण्यावर उजेडाचा झोत मारला की एक क्लोरीन सुटतो, पाण्यातल्या मिठाच्या क्लोरीनशी जोडी करतो, आणि ती जोडी पापणी लवायच्या कितीतरी आधी संपते.

"मग ती होती, हे कशावरून?"

"पाण्यातून एका दिव्याचा उजेड जात असतो. जोडी झाली की ती तो उजेड थोडा पिते. संपली की उजेड पुन्हा पहिल्यासारखा."

त्यांना पडद्यावरचे काही दिसणार नव्हते. मी त्यांचा हात घेतला आणि तळहातावर बोटाने रेघ काढली. झटकन खाली, मग हळूहळू वर. "हे नुसते पाणी. आता औषध घालते, मग परत सांगते."

औषध थोडे थोडे वाढवत गेले. दर वेळी येऊन हातावर रेघ काढायची. ती आता लवकर लवकर वर येऊ लागली होती.

"औषध त्याला खाता," बाबा म्हणाले.

"तो औषधाला खातो. दोघेही संपतात."

"कसले औषध?"

"तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतलेच. थोडे अंगातून बाहेर पडते, सांडपाण्यात जाते. पाणी साफ करताना ते मोडते का, किती वेगाने, ते बघायचे."

"म्हणजे माझी गोळी नदीत?" ते मोठ्याने हसले. खाण बंद झाल्यापासून त्यांचे असे हसणे मी फारसे ऐकले नव्हते.

संध्याकाळपर्यंत आलेखावरचे सगळे ठिपके एका सरळ रेषेत बसले. त्या रेषेच्या चढावरून वेग निघतो. तो इतरांनी आधी छापलेल्या आकड्यांच्या आसपासच होता. नवे काही नाही, पण माझा होता, आणि पुढची औषधे आता मोजता येणार होती.

बस स्टँडवर ऊन उतरले होते, तरी बाबांनी माझा दंड धरला होता.

"उद्या काय करणार?"

"हेच परत. आजच्यासारखेच येते का, बघायला हवे."

"बघायला हवेच," ते म्हणाले. "पंप एकदा चालू झाला म्हणून कुणी घरी जात नाही."

शाळेचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. गावाकडची बस लागली, तेव्हा मी त्यांना खिडकीपासून दूरची जागा धरून दिली.